फॉरमॅट मारण्याआधी

पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधलं स्टेशन म्हणजे वाणगाव. मुंबईच्या भाजीबाजारात हे नाव पोचलं ते इथल्या मिरचीमुळे. दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीज केंद्र, पश्चिमेला चिंचणी, वरोर, वाढवण ही किनाऱ्यावरची गावं, पूर्वेला आदिवासी पाडे. २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि त्याच सुमारास इथल्या माणसाचं सरकारदरबारचं बहुतेक काम संगणकावर आलं. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, वीजबिल, रेल्वेचं तिकीट. ज्याच्या घरी संगणक नाही त्याचीही कागदपत्रं कुठल्या ना कुठल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकातून जातात.

तो संगणक बिघडला की महाराष्ट्रात कुठेही ऐकू येणारी तीन वाक्यं इथेही ऐकू येतात. ‘पीसी हँग होतोय.’ ‘विंडो उडाली.’ आणि त्यावरचा हुकमी उपाय : ‘फॉरमॅट मारा.’

फॉरमॅट मारायचा म्हणजे सी ड्राइव्हवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. दोन-तीन तासांत संगणक पुन्हा चपळ होतो आणि मालक खूश होतो. दोन दिवसांनी लक्षात येतं की मुलीच्या बारावीच्या प्रकल्पाची फाइल डेस्कटॉपवर होती आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. लग्नाचे फोटो गेले, टॅलीतला मागच्या वर्षीचा हिशेब गेला. व्हायरसही गेला हे खरं, पण तो आला कुठून याचा मागही त्याच्याबरोबर पुसला गेला. नवं विंडोज पुन्हा त्याच क्रॅक केलेल्या प्रतीचं, घरातल्या सगळ्यांना मिळून खातं पुन्हा एकच, आणि दुसऱ्या दिवशी तोच पेनड्राइव्ह पुन्हा लावलेला. महिन्याभरात संगणक परत हँग.

दोष तंत्रज्ञाचा एकट्याचा नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याला दाखल्याची शेवटची तारीख गाठायची असते. पण ‘कोणता अँटिव्हायरस चांगला?’ या नेहमीच्या प्रश्नाआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. या यंत्रात बदल करायची मुभा कोणाकोणाला आहे? आणि आतल्या माहितीची एक तरी प्रत यंत्रापासून तोडून ठेवली आहे का? घरातल्या जुन्या डेस्कटॉपपासून न्हावा-शेवाच्या बंदरापर्यंत, गेल्या चाळीस वर्षांत संगणकांची जी जी वाताहत झाली तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच दोन प्रश्न सापडतात.

या इतिहासात महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचं एक आडनाव आहे. जून १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव ‘जोशी’. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत, तो दबा धरून बसायचा. वर्षभर गप्प. ५ जानेवारी उजाडला की संगणक अडून बसायचा आणि पडद्यावर फर्मान यायचं : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. तेवढं टाइप केलं की यंत्र मोकळं. त्याच्या चार वर्षं आधी, १९८६ मध्ये, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ लिहिला होता. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. दोन्ही व्हायरसांचा रस्ता एकच : कोणाची तरी फ्लॉपी यंत्रात राहून जायची आणि दुसऱ्या दिवशी संगणक तिच्यावरूनच सुरू व्हायचा.

मग आला मायकेलअँजेलो. दर ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरचा मजकूर उद्ध्वस्त करणारा. १९९२ च्या मार्चमध्ये त्याच्या भीतीने जगभरची वर्तमानपत्रं भरली होती. याच काळात पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कार्यालयीन यंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान चालवत होते. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले तेव्हा संजयने ते काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली आणि तिथूनच क्विक हील निघालं. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. या कहाणीतला यशाचा भाग मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यातला जास्त मोलाचा भाग दुरुस्तीच्या टेबलावरचा आहे. बिघडलेलं यंत्र पुसून परत देण्याऐवजी त्यात नेमकं काय शिरलंय हे तिथे कोणीतरी उघडून पाहिलं.

फ्लॉपी गेली आणि तिच्या जागी पेनड्राइव्ह आला. प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेलेल्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला पुढचा प्रकार माहीत आहे. घरी येऊन पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. खऱ्या फाइल पुसलेल्या नसतात. व्हायरसने त्या लपवलेल्या असतात आणि त्यांच्या जागी हुबेहूब दिसणारे शॉर्टकट ठेवलेले असतात. त्यावर क्लिक केलं की फोल्डरही उघडतं आणि व्हायरसही नव्या यंत्रात उतरतो. इथे घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करणं म्हणजे शाबूत असलेल्या फाइल स्वतःच्या हाताने पुसणं. आधी स्कॅन करून व्हायरस काढायचा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अ‍ॅट्रिब’ ही डॉसच्या काळापासूनची आज्ञा वापरून लपवल्याची खूण काढायची. बहुतेक वेळा सगळं परत दिसू लागतं.

दुसरा प्रकार फोल्डरचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमचा. चित्र पिवळ्या फोल्डरचं, नावही ‘न्यू फोल्डर’, आणि आत चालू होणारी ईएक्सई फाइल. हे सोंग टिकतं कारण विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर एक टिचकी मारली की ‘दाखला.पीडीएफ’ आणि ‘दाखला.पीडीएफ.ईएक्सई’ यांतला फरक डोळ्यांना दिसतो. फुकटातला हा उपाय आणि दहा सेकंदांचं काम. तरीही हजारो यंत्रांवर ते झालेलं नाही. एकेकाळी पेनड्राइव्ह नुसता खोचला तरी त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. ती ऑटोरनची सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने काढून घेतली. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही पेनड्राइव्हसाठी ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाचं मोफत साधन ठेवलं आहे. ओळख पटवल्याशिवाय कुठलाही पेनड्राइव्ह ते उघडू देत नाही. हे केंद्र सर्ट-इन या सरकारी संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलं. घरगुती संगणक साफ करायची मोफत साधनं तिथे मिळतात, पण तालुक्याच्या गावी ही गोष्ट फारशी पोचलेली नाही.

आता पेनड्राइव्ह मागे पडतोय. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ असं दुकानदार म्हणतो. शॉर्टकटवाला व्हायरस त्यामुळे टळतो, पण दुकानाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये गावातल्या शेकडो माणसांची आधार कार्डं, पासबुकं आणि फोटो साचत जातात. त्या यंत्रात काही शिरलं तर चोरी त्या सगळ्यांची होते आणि त्यांतल्या एकालाही ती कळत नाही. ज्या बाईने जमिनीच्या कामासाठी आयुष्यात पहिल्यांदा आपले कागद दुसऱ्याच्या हाती दिले, तिच्या कागदांचं रक्षण ही त्या दुकानाची जबाबदारी आहे. रात्री शटर ओढण्याआधी तो फोल्डर रिकामा करणं हा व्यवसायाचा भाग समजला गेला पाहिजे.

सगळ्यात मोठं भगदाड मात्र घरमालक स्वतः पाडतो. बीएसए या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार भारतात २०१७ मध्ये वापरात असलेल्या सॉफ्टवेअरपैकी ५६ टक्के विनापरवाना होतं. संख्येपेक्षा पद्धत पाहण्यासारखी आहे. क्रॅक डाउनलोड केला की सोबतच्या सूचनांतली पहिली सूचना असते : अँटिव्हायरस बंद करा. दुसरी : ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करा. म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवायचं आणि परक्याच्या हाती सगळ्या किल्ल्या द्यायच्या.

याच वाटेवर ‘स्टॉप’ किंवा ‘डेजाव्हू’ या नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर टपून बसलेलं असतं. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ते फारसं जात नाही. त्याची शिकार म्हणजे घरातले आणि छोट्या दुकानांतले संगणक. २०१८ पासून ते प्रामुख्याने क्रॅक आणि फुकट सॉफ्टवेअरच्या पोटातून पसरलं. फोटो, एक्सेलच्या फाइल, टॅलीचा डेटा, सगळं कुलूपबंद होतं, प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं अनोळखी शेपूट लागतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी पडते. वर्षानुवर्षं तिच्यातला दर तोच होता : ९८० डॉलर, आणि ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९० डॉलर. फुकटात मिळालेल्या फोटोशॉपची ही किंमत वाणगावच्या एखाद्या छोट्या स्टुडिओच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त भरू शकते.

क्रॅक वापरणाऱ्यांना नुसते चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मराठी छपाईच्या धंद्यात मात्र अडचण वेगळी आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. त्यानंतरही कितीतरी वर्षं मराठी पुस्तकं, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक त्यावरच लागत राहिले, कारण जुने फॉन्ट आणि जुन्या फाइल तिथेच धड उघडत. त्यामुळे अनेक डीटीपीवाल्यांकडे एखादा म्हातारा संगणक असतोच. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. अशा यंत्राला मोडीत काढायची गरज नाही. त्याची इंटरनेटची तार मात्र कायमची काढावी, वाय-फाय बंद करावं आणि त्यावर येणारी प्रत्येक फाइल आधी नव्या यंत्रावर तपासून मगच न्यावी. महागड्या अँटिव्हायरसपेक्षा ही शिस्त त्याला जास्त वर्षं जगवते.

आता मुभेचा प्रश्न. ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आपल्याकडे क्वचितच एका माणसाचा असतो. एकाच यंत्रावर बाबांचा जीएसटी, ताईचा अभ्यास, धाकट्याचा गेम आणि आतेभावाचं ‘जरा एक सॉफ्टवेअर टाकून बघतो’. आणि बहुतेक घरांत हे सगळं एकाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून चालतं. विंडोज टाकताना पहिलं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचंच तयार होतं, आणि तंत्रज्ञ तेच तसंच सोडून जातो. मग धाकट्याने उतरवलेल्या गेमला ताईच्या फाइलींपर्यंतच नव्हे, तर विंडोजच्या गाभ्यापर्यंत हात घालता येतो. त्यावर तोडगा दहा मिनिटांचा आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं एक वेगळं खातं, त्याचा पासवर्ड घरातल्या एका जबाबदार माणसाकडे, आणि रोजच्या वापराला सगळ्यांना ‘स्टँडर्ड’ खाती. यंत्रात खोल बदल करू पाहणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मग पासवर्ड मागावा लागतो. आतेभाऊ नाराज होईल, पण त्याला होऊ द्यावं.

नवं सॉफ्टवेअर घालण्याआधी रिस्टोर पॉइंट तयार करायची सोय विंडोजमध्ये २००० सालच्या एमई आवृत्तीपासून आहे. यंत्र बिनसलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. मात्र विंडोज १० आणि ११ मध्ये पुष्कळ संगणकांवर ही ‘सिस्टम प्रोटेक्शन’ बंद असते. ती सुरू करून डिस्कची थोडी जागा तिला द्यावी लागते. तिच्यावर भलता भरवसाही ठेवू नये. रिस्टोर पॉइंट विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या फाइल मागे नेतो, लग्नाचे फोटो आणत नाही. शिवाय रॅन्समवेअर शिरल्याबरोबर बहुधा पहिलं काम करतं ते हेच सगळे पॉइंट पुसून टाकण्याचं.

संशयास्पद गोष्ट उघडूनच पाहायची असेल तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत २०१९ पासून ‘सँडबॉक्स’ आहे. खिडकीच्या आत एक कोरं विंडोज उघडतं, बंद केलं की त्यातलं सगळं नाहीसं. होम आवृत्तीत ही सोय दिलेली नाही, आणि घरांत असते ती बहुधा होमच. सायबर कॅफेंच्या जमान्यात ‘डीप फ्रीझ’ नावाचं सॉफ्टवेअर लोकप्रिय होतं. दिवसभर कोणी काहीही उद्योग केले तरी रीस्टार्ट केलं की यंत्र पुन्हा सकाळसारखं. शाळांच्या संगणक कक्षांत ही कल्पना आजही उपयोगाची आहे.

अँटिव्हायरस हवाच. विंडोज ८ पासून डिफेंडर सोबतच येतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. विकतचा घ्यायचा तर मुदत लक्षात ठेवावी. मुदत संपलेला अँटिव्हायरस घड्याळाशेजारी चिन्ह दाखवत बसतो आणि घरच्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकणं तर दुप्पट सुरक्षितता नव्हेच. दोघेही प्रत्येक फाइल आधी अडवू पाहतात आणि यंत्र रखडतं.

रक्षणकर्त्याकडूनही घात होऊ शकतो हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. व्हायरस नव्हता, हल्ला नव्हता. एक बदल पुरेसा न तपासता एकाच वेळी सगळीकडे गेला होता.

बदलाचा सगळ्यात भयंकर दाखला मात्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची, आणि मर्स्कचं जगभरचं जाळं त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ने गिळलं होतं. त्याचा उगम युक्रेनमध्ये. तिथे कराच्या हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम. ई. डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. म्हणजे युक्रेनमधल्या एखाद्या कार्यालयात कोणीतरी आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर इमानाने अद्ययावत केलं आणि रायगड जिल्ह्यात कंटेनर अडकून पडले. नॉटपेट्या ज्या भोकांतून यंत्रायंत्रांत शिरला त्यांतलं एक मुख्य भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. त्याच भोकातून १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला होता. इतकं होऊनही जूनपर्यंत असंख्य यंत्रं तशीच उघडी होती.

मर्स्कला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. अध्यक्ष जिम हॅगमन स्नेबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की हे काम दहा दिवसांत झालं. पण ते शक्य झालं ते एका योगायोगाने. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा आणि कोणाला कशाची मुभा याची नोंद ठेवणारे सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. जगभर पसरलेले हे कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. तिथली इंटरनेटची तार इतकी बारीक की माहिती पाठवायला दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक माणूस डिस्क घेऊन नायजेरियापर्यंत गेला, तिथे दुसऱ्याने ती घेतली आणि इंग्लंडला पोचवली.

डहाणू तालुक्यात वीज जाणं ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक अशाच एका अंधारामुळे सावरली. जोडलेल्या प्रती कितीही असोत, तोडून ठेवलेली एक प्रत त्या सगळ्यांना भारी पडली.

वाणगावपासून जवळच, वाढवणला, त्याच जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाच्या ७४ टक्के भागीदारीत नवं बंदर होऊ घातलं आहे. उरलेले २६ टक्के महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध त्याआधीपासून आहे, आणि तो त्यांच्या जगण्याचा प्रश्न आहे. बंदर झालं तर त्याच्याभोवती वाहतूकदार, कस्टम्सचे एजंट, गोदामवाले यांची छोटी छोटी कार्यालयं या पट्ट्यात उभी राहतील, प्रत्येकात एक-दोन संगणक. न्हावा-शेवाच्या त्या जूनची आठवण अशा वेळी कामाची आहे.

दुसऱ्या बाजूला तारापूर. सप्टेंबर २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या एका संगणकात घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं. तारापूर चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशननेच ३० ऑक्टोबरला ते मान्य केलं. तो संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातला होता, आणि अणुभट्टीचं नियंत्रण करणारं जाळं त्यापासून पूर्ण वेगळं होतं, असा खुलासा कॉर्पोरेशनने केला. इथेही तारक ठरलं ते तोडून ठेवणंच. जिथे अशी तटबंदी फुटली तिथे काय होतं ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये भोगलं. एटीएमच्या यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरच्या जोरावर २८ देशांतून पैसे काढले गेले आणि एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले.

घराच्या किंवा दुकानाच्या पातळीवर घानातला तो सर्व्हर म्हणजे एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. आठवड्यातून एकदा जोडायची, महत्त्वाचे फोल्डर उतरवायचे आणि काढून कपाटात ठेवायची. काढून ठेवणं हा त्यातला मुख्य भाग. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर सी ड्राइव्हइतक्याच सहज कुलूपबंद करतं. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह वापरावेत, पण ते यंत्राबरोबर जोडलेले असतात आणि बिघडलेली फाइलही इमानाने वर चढवतात. जुनी आवृत्ती परत मागण्याची सोय तिथे असते, ती कुठे आहे हे आधीच पाहून ठेवावं. डिस्क शक्यतो दुसऱ्या घरात असावी. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि घरांच्या भिंतींना तडे गेले. संगणक आणि त्याची एकुलती प्रत एकाच छपराखाली ठेवणं या तालुक्यात तरी परवडणारं नाही.

आणखी एक सापळा नवा आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. ‘विंडो उडाली’ की यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून संगणक पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जाऊन बसते. ते खातं दुकानातल्या तंत्रज्ञाने स्वतःच्या ईमेलवर घाईत उघडलं असेल, तर स्वतःच्याच फोटोंची किल्ली मालकाकडे नसते. नवा लॅपटॉप घेताना खातं आपल्याच ईमेलवर उघडून घ्यावं आणि ती की कागदावर लिहून ठेवावी.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे, तीही नोंदणी करणाऱ्यालाच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत चालणारे कित्येक डेस्कटॉप एका तारखेला असुरक्षित ठरले. छोट्या दुकानदारावर हा अन्यायच आहे. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्याला लिनक्सचा मार्ग आहे. बोटाचे ठसे घेणारं यंत्र आणि डिजिटल सही वापरणाऱ्याने मात्र ती साधनं लिनक्सवर चालतात का, हे आधी पाहावं.

इतकं करूनही हल्ला झालाच, तर पहिल्या तासात काय करायचं हे ठरलेलं असावं. इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावं, जोडलेली डिस्क ओढून घ्यावी. धमकीच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढावा. बँकेतून पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा वाणगाव पोलीस ठाण्यातही देता येते. खंडणी भरू नये. भरूनही किल्ली मिळेल याची हमी कोणी देत नाही.

आणि फॉरमॅट मारण्याआधी ती डिस्क काढून बाजूला ठेवावी, नवी डिस्क घालून काम सुरू करावं. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांच्या साथीने जुलै २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. कुलूपबंद फाइल आणि चिठ्ठी तिथे चढवली की हल्ला कोणत्या जातीचा आहे आणि त्याची किल्ली सापडली आहे का ते कळतं. ‘स्टॉप’च्या नव्या आवृत्त्यांवर बहुतेक वेळा उपाय नसतो. पण १८ ऑक्टोबर २०१९ रोजी एमसिसॉफ्ट या कंपनीने त्याच्या तोवरच्या १६० आवृत्त्यांपैकी १४८ उलगडणारं साधन फुकट दिलं. महिनोन्‌महिने कुलपात पडलेले फोटो आणि हिशेब त्या आठवड्यात अनेकांना परत मिळाले. त्यासाठी एकच अट होती. त्या निकामी दिसणाऱ्या फाइल त्यांनी पुसलेल्या नसाव्यात.